प्लेलिस्ट आपोआप बनते, पण रकाने कोणी आखले?

पीएचडीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो: "मशीन लर्निंगमधलं कुठलं मॉडेल आधी शिकून ठेवू?" प्रश्न चुकीचा नाही. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न असतो आणि तो फारसा कुणी विचारत नाही. ज्या डेटावर तुम्ही हे मॉडेल चालवणार, त्याचे रकाने कोणी आखले, कधी आखले आणि कशासाठी?

हा प्रश्न कोरडा वाटू नये म्हणून आज एक रोजच्या वापरातली गोष्ट घेऊ: गाण्यांची आपोआप तयार होणारी यादी, म्हणजे ऑटोमॅटिक प्लेलिस्ट. तुम्ही एक गाणं लावता, मागून प्लेअर आपणहून गाणी लावत जातो. कधी यादी मस्त जमते. कधी मात्र भावगीतामागून एकदम कुठलं तरी रिमिक्स येतं, किंवा तीच दहा गाणी फिरून फिरून वाजतात. आपण म्हणतो, "अल्गोरिदम फालतू आहे." असेलही. पण या याद्यांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर वेगळं काहीतरी दिसतं. बऱ्याचदा अल्गोरिदम बिचारा दिलेलं काम बरोबर करत असतो. त्याला दिलेल्या माहितीतच गाण्याचं अर्धं चरित्र गायब असतं.

हा इतिहास क्रमाने बघू. प्रत्येक टप्प्यावर दोन गोष्टी करायच्या आहेत. स्वतःच्या प्लेअरमधून जास्त चांगली यादी कशी काढायची ते बघायचं, आणि त्यातून संशोधनासाठी काय घ्यायचं तेही बघायचं.

सीडीवर गाण्याचं नावच नव्हतं

सुरुवात १९९३ पासून करू. तेव्हाच्या सर्वसाधारण ऑडिओ सीडीवर आवाज असायचा, पण गाण्याचं नाव, गायक, अल्बम यांतलं काहीच डिजिटल स्वरूपात नसायचं. ते सगळं कव्हरवर छापलेलं. संगणकात सीडी घातली की पडद्यावर 'ट्रॅक १, ट्रॅक २' एवढंच दिसायचं. टी कान आणि स्टीव्ह शर्फ या दोघांनी यावर तोडगा काढला, तो म्हणजे सीडीडीबी. प्रत्येक सीडीवर गाणी किती आणि कुठलं गाणं कुठे सुरू होतं, यावरून त्या सीडीचा एक ओळखक्रमांक काढायचा. ज्याच्याकडे ती सीडी आहे त्याने कव्हर बघून नावं टाइप करायची. पुढच्या माणसाने तीच सीडी घातली की नावं आपोआप यायची.

म्हणजे बघा, ज्याला आपण आज 'डेटा' म्हणतो तो मुळात कुणीतरी घरी बसून हाताने टाइप केलेला मजकूर आहे. त्यात चुका आहेत, तऱ्हेतऱ्हेची स्पेलिंगं आहेत. आणि सीडी कुठल्या गटात टाकायची यासाठी पर्याय होते फक्त ११: ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डेटा, फोक, जॅझ, न्यू एज, रेगे, रॉक, साउंडट्रॅक आणि 'मिसलेनियस'. आता तुकारामांच्या अभंगांची सीडी कुठे घालाल? फोक? क्लासिकल? की सरळ 'इतर'?

दुसरा टप्पा १९९६ चा. एमपी३ फायली हातोहात फिरू लागल्या होत्या आणि त्यांच्यातही गाण्याची माहिती ठेवायला जागा नव्हती. एरिक केम्प याने एक साधी युक्ती केली. फाइलच्या शेवटी १२८ बाइटचा तुकडा जोडायचा. यालाच आयडी३ टॅग म्हणतात. त्याचा हिशेब असा: 'टॅग' ही खूण ३ बाइट, गाण्याचं नाव ३०, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३० आणि संगीतप्रकार १ बाइट. बेरीज बरोबर १२८.

ही रचना वाईट म्हणता येणार नाही. तेव्हाच्या गरजेला ती सुटसुटीत होती आणि म्हणूनच जगभर पसरली. पण तिच्यात काय गृहीत धरलंय ते बघा. गाण्याला एक कलाकार असतो. गाणं एका अल्बममधलं असतं. त्याचं एक वर्ष असतं. आणि त्याचा प्रकार ठरलेल्या ८० नावांपैकी एक असतो. त्या ८० मध्ये डिस्को होतं, डेथ मेटल होतं, पोल्का होतं, 'प्रँक्स' म्हणजे थट्टामस्करीच्या ध्वनिफितींनासुद्धा जागा होती. पण खयाल, ठुमरी, कव्वाली, लावणी यांच्यासाठी मिळून जे काही होतं ते 'एथनिक' किंवा 'अदर'. हिंदी सिनेमातली सगळी गाणी 'साउंडट्रॅक'मध्ये. मग त्यात गझल असो की कॅबरे.

लिपीचं तर विचारूच नका. ही रचना रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि त्यात मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. त्या हिशेबाने 'सुधीर फडके' हे नाव २८ बाइटचं होतं, म्हणजे कसंबसं बसतं. 'लता मंगेशकर' होतं ३१. एका बाइटने बाहेर! 'ग. दि. माडगूळकर' होतं ३७. अर्थात गदिमांच्या बाबतीत हा प्रश्न आलाच नसता, कारण गीतकारासाठी मुळात रकानाच नव्हता.

'गीत रामायण' या रकान्यांत भरून बघा

इथे जरा थांबा आणि कागदावर एक प्रयोग करा. 'गीत रामायण' घ्या. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ५६ गीतांची ही मालिका आठवड्याला एक या क्रमाने प्रसारित झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचं. रेडिओवर ही गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. फडके स्वतः होतेच, शिवाय माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे अनेक आवाज होते. पुढे घरोघरी पोचलेल्या ध्वनिमुद्रिकांत मात्र सगळी गीतं फडके यांच्याच आवाजात आहेत.

आता १२८ बाइटांचा फॉर्म भरा. 'कलाकार' कोण? ध्वनिमुद्रिकेसाठी फडके. मग माणिक वर्मांनी गायलेलं मूळ गीत हे तेच गाणं की वेगळं? 'वर्ष' कुठलं? प्रसारणाचं, रेकॉर्डचं, की नंतर निघालेल्या सीडीचं? घरातल्या फायली सीडीवरून उतरवलेल्या असतील, तर वर्षाच्या रकान्यात बहुतेक सीडीचं साल असणार. मग तुम्ही "१९५० ते १९६० मधली मराठी गाणी" अशी यादी मागितलीत, तर 'गीत रामायण' त्यात येणारच नाही. आणि "गदिमांची गाणी" असं मागितलंत, तर काहीच मिळणार नाही.

यात अल्गोरिदमचा काय दोष? त्याने अचूक शोधलं. त्याच्यापुढे ठेवलेल्या कागदावर गदिमांचं नावच नव्हतं.

१९९८ मध्ये आयडी३ ची दुसरी, नव्याने लिहिलेली आवृत्ती आली. तिच्यात संगीतकार, गीतकार यांना स्वतंत्र जागा मिळाली, युनिकोड आलं आणि स्वतःचे रकाने जोडायचीही सोय झाली. पण रकाना असणं वेगळं आणि तो भरलेला असणं वेगळं. भरलेला रकाना प्लेअरने वापरू देणं ही तर तिसरीच गोष्ट. हा फरक लक्षात ठेवा. कुठलाही मोठा डेटासेट उघडलात की या तीन पायऱ्या तिथे भेटतील.

२००२: नियमांची यादी

जुलै २००२ मध्ये ॲपलने आयट्यून्स ३ आणलं आणि त्यात 'स्मार्ट प्लेलिस्ट' ही सोय दिली. कल्पना सोपी. गाणी एकेक उचलून यादीत टाकायची नाहीत, नियम लिहायचा. "रेटिंग ४ च्या वर आणि गेल्या महिन्यात न वाजलेली, अशी २५ गाणी दे." गाणी वाजत गेली की यादी आपणहून बदलत राहते. ही डेटाबेसची क्वेरीच, फक्त ती लिहायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. विंडोजवर फूबार२००० सारख्या प्लेअरमध्येही अशी सोय आहे आणि तिथे स्वतः तयार केलेले रकानेसुद्धा वापरता येतात.

आता कामाचं बोलू. तुमच्याकडे स्वतःच्या गाण्यांचा संग्रह असेल, तर नियमांच्या याद्या सुधारायला पुढच्या गोष्टी उपयोगी पडतात.

पहिली, नावं एकसारखी करा. एकाच गायकाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं असेल, तर यंत्रासाठी ती तीन माणसं आहेत. एमपी३टॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो फायलींची नावं एकदम सुधारता येतात.

दुसरी, युगुलगीतांसाठी नियमात 'कलाकार अमुक आहे' असं लिहू नका, 'कलाकारात अमुक नाव येतं' असं लिहा. कारण "लता मंगेशकर, सुधीर फडके" ही ओळ यंत्राच्या दृष्टीने तिसराच कलाकार असतो.

तिसरी, 'अल्बम आर्टिस्ट' हा रकाना जरूर भरा. सिनेमाच्या एका अल्बममध्ये प्रत्येक गाण्याचे गायक वेगळे असतात. हा रकाना रिकामा असेल, तर एकाच सिनेमाची आठ गाणी बऱ्याच प्लेअरमध्ये विखुरलेली दिसतात.

चौथी, संगीतकाराचा रकाना भरा. आपल्याकडे गाण्याची ओळख गायकाइतकीच संगीतकारावरून असते. आयट्यून्समध्ये संगीतकाराला रकाना आहे, गीतकाराला वेगळा नाही. तेव्हा गीतकार आणि राग 'शेरा' किंवा 'ग्रुपिंग'मध्ये ठरावीक पद्धतीने लिहा, उदाहरणार्थ "गीत: माडगूळकर, राग: यमन". पद्धत एकदा ठरली की मोडायची नाही.

पाचवी, यादीची मर्यादा गाण्यांच्या संख्येत न देता मिनिटांत द्या आणि निवड 'सर्वांत आधी वाजलेलं' यावर ठेवा. तीच ती गाणी फिरत राहण्याचा त्रास बराच कमी होतो.

या पाचही गोष्टींत अल्गोरिदमला आपण हातसुद्धा लावला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

शफल: खरा यादृच्छिक क्रम कुणाला हवाय?

नियमही नकोत, नुसतं मिसळून लावा, म्हणजे शफल. हा प्रश्न गणितात केव्हाच सुटलेला आहे. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ मध्ये क्रम पिसण्याची पद्धत दिली आणि रिचर्ड डर्स्टनफेल्ड याने १९६४ मध्ये तिचं संगणकासाठीचं रूप मांडलं. या पद्धतीत प्रत्येक क्रमाची शक्यता सारखी असते. तरीही आयपॉड आल्यावर लोक तक्रार करू लागले की शफल एकाच गायकाची गाणी लागोपाठ लावतं, यात काहीतरी पक्षपात आहे.

हिशेब करून बघा. १० गायकांची प्रत्येकी १० गाणी, एकूण १००. आत्ता एका गायकाचं गाणं वाजतंय. उरलेल्या ९९ पैकी ९ त्याच गायकाची आहेत. म्हणजे पुढचं गाणंही त्याचंच असण्याची शक्यता ११ मध्ये १. वीस गाणी ऐकलीत तर सरासरी पावणेदोन वेळा एकाच गायकाची गाणी लागोपाठ येणार. हे अगदी प्रामाणिक शफल झालं. पण ऐकणाऱ्याला 'मिसळलेलं' म्हणजे 'समान अंतराने पसरलेलं' अपेक्षित असतं. सप्टेंबर २००५ मध्ये आयट्यून्स ५ मध्ये 'स्मार्ट शफल' आलं. त्यात एकाच गायकाची गाणी जवळजवळ यायची शक्यता कमी-जास्त करता यायची. स्पॉटिफायनेही २०१४ मध्ये आपलं शफल असंच बदलल्याचं जाहीरपणे समजावून सांगितलं.

यातून संशोधनासाठी घेण्याची गोष्ट अशी: गणिती व्याख्या आणि माणसाची अपेक्षा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. 'चांगली यादी' कशाला म्हणायचं हे आधी ठरवलं नाही, तर बरोबर उत्तरसुद्धा लोकांना चुकीचं वाटतं. आणि इथेही रकान्याचा प्रश्न सुटत नाहीच. स्मार्ट शफल गाणी पसरवतं ती 'कलाकार' या रकान्यावरून. तो अस्ताव्यस्त असेल तर पसरवणार काय?

साम्यावरून यादी: माणसं, कान आणि मोजणी

तिसरा प्रकार आज सगळीकडे दिसतो: "हे आवडलं ना, मग हेही आवडेल." याची एक ठळक सुरुवात १९९४ मध्ये एमआयटीत झाली. उपेंद्र शारदानंद आणि पॅटी मेस यांच्या 'रिंगो' या प्रणालीत लोक ईमेलवरून कलाकारांना १ ते ७ गुण द्यायचे आणि ज्यांची आवड जुळते त्यांच्या यादीतून शिफारस यायची. गाणं कसं वाजतं याच्याशी यंत्राला काही देणंघेणं नव्हतं. कोणाला काय आवडतं एवढंच पुरे.

उलट टोकाला म्युझिक जीनोम प्रोजेक्ट. २००० मध्ये टिम वेस्टरग्रेन, विल ग्लेझर आणि जॉन क्राफ्ट यांनी हे काम सुरू केलं आणि त्यातूनच पुढे पँडोरा ही सेवा निघाली. इथे संगीत जाणणारी माणसं एकेक गाणं ऐकून त्याचे शेकडो गुणधर्म नोंदवत. काम दर्जेदार, पण संथ. तिसरी वाट इको नेस्टची. त्रिस्तां जेहान आणि ब्रायन व्हिटमन या एमआयटीच्या दोन पीएचडी विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये ही कंपनी काढली. एकाचा भर ध्वनीच्या विश्लेषणावर, दुसऱ्याचा लोक संगीताबद्दल काय लिहितात त्यावर. मार्च २०१४ मध्ये स्पॉटिफायने ती विकत घेतली आणि जुलै २०१५ मध्ये स्पॉटिफायची 'डिस्कव्हर वीकली' ही दर सोमवारची यादी सुरू झाली. कोण म्हणतं प्रबंध कपाटात पडून राहतात?

पण मला इथे एका साध्या नियमाकडे तुमचं लक्ष वेधायचंय. लास्ट.एफएम ही सेवा तुम्ही काय ऐकता ते नोंदवते. त्या नोंदीला 'स्क्रॉबल' म्हणतात. ही पद्धत रिचर्ड जोन्स याने साउदॅम्प्टन विद्यापीठात शिकत असताना सुरू केली. नोंद होण्याचा नियम असा: गाणं ३० सेकंदांपेक्षा मोठं हवं आणि ते निम्मं किंवा ४ मिनिटं, यांतलं जे आधी होईल तेवढं ऐकलेलं हवं. किती वाजवी नियम, नाही का?

आता एक संध्याकाळ कल्पना करा. एकीने ४० मिनिटांचा एकच खयाल शांतपणे पूर्ण ऐकला. दुसरीने त्याच ४० मिनिटांत चार-चार मिनिटांची दहा गाणी ऐकली. नोंदवहीत पहिलीच्या नावावर १, दुसरीच्या नावावर १०. वेळ तोच. पण 'काय लोकप्रिय आहे' हे ठरवताना खयालाचं वजन एक दशांश. यात कुणाचा डाव नाही. मोजण्याचं एकक तीन-चार मिनिटांच्या गाण्यावरून ठरलेलं आहे, इतकंच. पण अशा आकड्यांवर शिफारस चालते तेव्हा लांब गायनाच्या ध्वनिमुद्रणांची गाठ नव्या श्रोत्यांशी कमी पडते, आणि कमी पडली की पुढच्या फेरीत आणखी कमी. ऑस्कर सेल्मा याने बार्सिलोनात २००८ मध्ये पूर्ण केलेला प्रबंध संगीताच्या शिफारशींमध्ये फारसं न ऐकलेलं संगीत कसं पुढे येईल याच प्रश्नाभोवती आहे. या विषयात यायचं असेल तर तो जरूर वाचा.

'वापरकर्ता' हाही एक रकानाच. यंत्र धरून चालतं की एक खातं म्हणजे एक माणूस. आपल्या घरात एकाच खात्यावर सकाळी आजीचे अभंग, दुपारी पोरांची बालगीतं आणि रात्री तुमचं हिपहॉप. मग शिफारशींची खिचडी होणारच. उपाय साधा आहे: शक्य असेल तर खाती वेगळी ठेवा, नाहीतर पाहुण्यांसाठी किंवा मुलांसाठी लावताना 'प्रायव्हेट सेशन' चालू करा. आणि साम्यावरून यादी बनवायला एकच गाणं देण्याऐवजी एकाच धाटणीची चार-पाच गाणी द्या. एका गाण्यावरून यंत्राला कळत नाही की तुम्हाला गायक आवडला, चाल आवडली की काळ.

९० टक्के अचूकता आणि एक घोडा

आता थेट संशोधनाकडे येऊ. २००२ मध्ये जॉर्ज झानेटाकिस आणि पेरी कुक यांनी ध्वनीवरून संगीतप्रकार ओळखण्यावर एक निबंध लिहिला. १० प्रकार, प्रत्येकाचे ३० सेकंदांचे १०० तुकडे, एकूण १००० तुकडे. त्यांची अचूकता ६१ टक्के होती. हा संग्रह पुढे 'जीटीझॅन' नावाने इतका वापरला गेला की या क्षेत्रातलं ते जणू मोजपट्टीचं काम झालं. नंतरच्या काही निबंधांचे आकडे ९० टक्क्यांच्या वर गेले. सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटत आला.

मग बॉब स्टर्म या संशोधकाने फार साधं काम केलं. ते १००० तुकडे त्याने नीट ऐकले आणि तपासले. काही तुकडे दोनदा आलेले, काहींवर चुकीचं लेबल, काहींचा आवाज फाटलेला. रेगे या गटात तर मोठा वाटा एकट्या बॉब मार्लीचा. म्हणजे यंत्र रेगे ओळखायला शिकलं की बॉब मार्लीला? स्टर्मने अशा प्रणालींना 'घोडा' म्हटलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत 'हुशार हान्स' नावाचा घोडा बेरजा करतो म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट याने दाखवून दिलं की घोडा विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली बघून थांबतो. उत्तर बरोबर, पण कारण भलतंच.

तुमच्या प्रबंधात घोडा शिरू नये असं वाटत असेल, तर स्टर्मने केलं तेच करा. मॉडेल चालवण्याआधी डेटातले निदान शंभर नमुने स्वतः ऐका, वाचा, बघा. एकाच गायकाची गाणी शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन्ही भागांत येणार नाहीत याची काळजी घ्या.

डेटा कुठला आहे हेही बघा. २०१८ मध्ये स्पॉटिफायने एका संशोधन स्पर्धेसाठी १० लाख प्लेलिस्ट खुल्या केल्या. यादीतली काही गाणी द्यायची, उरलेली ओळखायची. सुंदर संग्रह, पण तो अमेरिकेतल्या वापरकर्त्यांच्या याद्यांचा. त्यावर उत्तम चाललेली पद्धत वारीच्या वाटेवर ऐकायच्या यादीला चालेल का? कदाचित चालेलही. पण ते तपासून म्हणायचं, गृहीत धरून नाही.

रकाने नव्याने आखता येतात

हे सगळं वाचून निराश व्हायचं कारण नाही, कारण उलट उदाहरणही आहे. २०११ ते २०१७ या काळात बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात झावियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली 'कॉम्पम्युझिक' हा प्रकल्प झाला. हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीताबरोबर तुर्की, चिनी आणि अरब-अंदालुसी परंपरा त्यांनी घेतल्या आणि प्रत्येक परंपरेच्या स्वतःच्या संकल्पनांपासून सुरुवात केली: राग, ताल, बंदिश. मुंबईच्या आयआयटीत प्रीती राव यांच्या गटाने आणि आयआयटी मद्रासनेही या कामात भाग घेतला.

एक उदाहरण पुरे. पाश्चात्य पद्धतीत स्वरांची उंची ठरलेली असते. आपल्याकडे प्रत्येक गायक-गायिकेचा षड्ज आपापला. दोघांनी यमन गायला, एकाने काळी एकला आणि दुसरीने काळी चारला, तर उंची थेट मोजणाऱ्या यंत्राला ते वेगळे वाटू शकतात. म्हणून आधी षड्ज शोधायचा, त्यात तानपुऱ्याचा अखंड आवाज मदतीला येतो, आणि मग बाकीचे स्वर त्याच्या तुलनेत मोजायचे. ही गोष्ट गाणं शिकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीलाही माहीत असते. पण ती डेटाच्या रचनेत यायला संगीत जाणणारी माणसं संशोधनात असावी लागतात. तुम्ही तबला शिकला असाल, कीर्तनात टाळ धरला असेल, घरात जुन्या रेकॉर्ड जपल्या असतील, तर ते तुमच्या अर्जात 'छंद' म्हणून शेवटच्या ओळीत टाकू नका. तुमच्या विषयात तेच ज्ञान कमी पडतंय.

करून बघा

शेवटी एक छोटा प्रयोग, दोन संध्याकाळींचा. घरातल्या संग्रहातली ६० गाणी घ्या. एक प्रश्न ठरवा, उदाहरणार्थ "सुधीर फडके यांचं संगीत, पण गायक दुसरे." ६० पैकी कुठली गाणी यादीत यायला हवीत ते आधी कागदावर हाताने लिहा. मग स्मार्ट प्लेलिस्ट लावून दोन आकडे मोजा. यायला हवी होती त्यांपैकी किती आली? आणि आली त्यांपैकी किती बरोबर? संशोधनात यांनाच रिकॉल आणि प्रिसिजन म्हणतात. मग नियमाला हात न लावता रकाने भरा, नावं नीट करा आणि तेच दोन आकडे पुन्हा मोजा.

दोन्ही वेळचे आकडे, तारीख आणि प्रत्येक बदल वहीत लिहून ठेवा. कुठलं मॉडेल शिकायचं हे त्यानंतर ठरवू. तोपर्यंत ती वही हाच तुमच्या संशोधनाचा पहिला डेटासेट आहे, आणि त्याचे रकाने कोणी आखले हे तुम्हाला पक्कं माहीत असेल.